धावणाऱ्यांचे गुडघे : दुखणे, त्याची कारणे आणि काळजी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या शाळेच्या मैदानावरील पहाट बदलून जाते. एरवी सकाळच्या वंदनेच्या घंटेपर्यंत निजलेले हे मैदान साडेचारलाच जागे होते. वसतिगृहातील बारावीची मुले, पदवी घेऊन गावी परतलेले माजी विद्यार्थी, आसपासच्या वस्त्यांवरील मुली असे कितीतरी जण अंधारातच फेऱ्या मारू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि एकेका सेकंदावर गुण ठरलेले. पहिले दोन आठवडे उत्साहात जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र त्यांतील काही जण जिना उतरताना कठड्याला धरू लागतात, काही गुडघ्याला पट्टा बांधून येतात, आणि एखाद-दुसरा यायचाच बंद होतो.

हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. वर्दीची नोकरी ही आपल्या समाजातील अनेक घरांच्या दृष्टीने दारिद्र्यातून बाहेर पडण्याची पहिली पायरी ठरली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लष्करभरतीचा जो पाठपुरावा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तो इतिहास या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. ज्या मुलाच्या भरतीकडे आई-वडिलांचे, धाकट्या भावंडांचे डोळे लागलेले असतात, त्याची संधी मैदानी चाचणीच्या आधीच गुडघ्याने हिरावून घ्यावी, आणि तेही बहुतांशी टाळता येण्याजोग्या कारणाने, ही आम्हांला खेदाची गोष्ट वाटते. म्हणूनच हा लेख.

प्रथम आमच्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी सायंकाळच्या वंदनेच्या वेळी एक मुलगा दररोज पाय पसरून बसत असे. मांडी घालण्यास सांगितले की काही क्षण घाली आणि पुन्हा पाय लांब करी. आम्ही त्याला सर्वांदेखत दोनदा सुनावले, शिस्तीवर व्याख्यान दिले. पुढे कळले, की धावताना त्याला फारसे दुखत नसे; दुखे ते गुडघा दुमडून अर्धा तास बसल्यावर. गुडघ्याच्या वाटीच्या दुखण्याचे हे अगदी नेहमीचे लक्षण आहे, आणि ते आम्हांला ओळखता आले नाही. त्याने कोणालाच न सांगता सराव चालू ठेवला आणि ऐन चाचणीच्या महिन्यात त्याला थांबावे लागले. शिस्त मोडणारा पाय आणि दुखणारा पाय यांत फरक करण्यासाठी विचारपूस करावी लागते. ती आम्ही केली नव्हती.

गुडघा म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांचा सांधा. त्याच्या पुढल्या बाजूस वाटी असते. ही वाटी मांडीच्या पुढच्या बलाढ्य स्नायूच्या कंडरेत बसवलेली असून ती विहिरीवरील रहाटासारखे काम करते. दोर सरळ ओढण्यापेक्षा रहाटावरून ओढला की बळ कमी लागते, तसेच वाटीमुळे स्नायूला पाय सरळ करणे सोपे जाते. गुडघा वाकला की ही वाटी मांडीच्या हाडावरील खोबणीतून सरकते, आणि गुडघा जितका अधिक वाकलेला व स्नायू जितका अधिक ताणलेला, तितका वाटीवरील दाब वाढतो. सपाट जमिनीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या जेमतेम निम्मा असतो. जिना चढता-उतरताना तो वजनाच्या सुमारे तिप्पट होतो आणि धावताना त्याहूनही पुष्कळ वाढतो. पाच किलोमीटर सावकाश धावणाऱ्याची सुमारे पाच हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक गुडघ्यावर हा भार सुमारे अडीच हजार वेळा येतो. खाली उकिडवे बसणे, जिना उतरणे, दीर्घकाळ मांडी घालून बसणे आणि धावणे ही चार वरकरणी वेगळी कामे एकाच दुखण्याला का जागवतात, हे यावरून ध्यानात यावे.

वाटीच्या मागील बाजूस गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते, आणि ते शरीरातील सर्वांत जाड कूर्चेपैकी आहे. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत आणि संवेदना वाहून नेणाऱ्या नसाही नाहीत. तिला पोषण मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि सांध्याची हालचाल व दाब-सैल यांमुळेच तो द्रव तिच्यात खेळता राहतो. याचे दोन अर्थ होतात. दुखले म्हणजे कूर्चा झिजलीच, असे मानण्याचे कारण नाही. दुखते ते बहुधा वाटीखालचे हाड, सांध्याचे अस्तर किंवा आजूबाजूची चरबीची गादी. आणि गुडघा पूर्णपणे निजवून ठेवला, तर कूर्चेला विश्रांती मिळते या समजुतीच्या उलट तिचे पोषणच मंदावते.

धावणाऱ्यांचे गुडघे सगळे एकाच जागी दुखत नाहीत, आणि दुखण्याची जागा हाच निदानाचा पहिला धागा असतो. मुलाला विचारले, की कुठे दुखते, तर तो कधी संपूर्ण तळहात वाटीवर फिरवतो आणि म्हणतो, ‘इथे, सगळीकडे.’ हे वाटीचे दुखणे. धावणाऱ्यांत सर्वाधिक आढळणारे, आणि मुलींत मुलांपेक्षा अधिक. कधी तो एक बोट गुडघ्याच्या बाहेरील कडेवर ठेवतो. तेथे मांडीच्या बाहेरून नडगीपर्यंत उतरणारा एक जाड पट्टा असतो, आणि दर पावलाला गुडघा थोडासा वाकला की त्याखालील भाग चेपला जातो. हे दुखणे ठरावीक अंतर धावल्यावर सुरू होते, उतारावर बळावते आणि थांबल्यावर ओसरते. वाटीच्या अगदी खालच्या टोकाशी दुखत असेल, तर वाटीपासून नडगीकडे जाणाऱ्या कंडरेवर ताण आलेला असतो; हे लांब उडी, व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांत अधिक.

आठवी-नववीच्या मुलांत आणखी एक प्रकार दिसतो, आणि त्यावरून पालक फार घाबरतात. वाटीच्या खाली तीन-चार बोटांवर, नडगीच्या वरच्या टोकाशी एक कठीण उंचवटा येतो, तो दाबला की दुखतो, आणि गुडघे टेकून बसणे अशक्य होते. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात हाड आधी वाढते, स्नायू मागाहून ताणले जातात, आणि स्नायूची कंडरा जेथे अजून कोवळ्या असलेल्या हाडाला चिकटते तेथे ओढ बसते. बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर या दोन शल्यविशारदांनी १९०३ साली स्वतंत्रपणे याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नाव भारदस्त असले तरी वाढ पूर्ण झाल्यावर ते बहुतेकांत आपोआप शमते. तोवर धावणे-उड्या कमी कराव्यात. खेळ सर्वस्वी बंद करण्याची गरज सहसा पडत नाही. उंचवटा मात्र पुष्कळदा जन्मभर राहतो, त्याची चिंता नको.

आता मुख्य प्रश्न : हे दुखणे येते कोठून? मुलांना विचारावे तर ते बुटांना, रस्त्याला, नशिबाला दोष देतात. आमच्या पाहण्यात दहांपैकी बहुतेक वेळा कारण एकच असते. जो मुलगा सहा महिने अभ्यासिकेच्या खुर्चीवर बसून होता, तो जाहिरात निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज पाच किलोमीटर धावू लागतो, त्यातच सायंकाळी शंभर मीटरच्या दौडी मारतो आणि मित्राच्या सल्ल्याने दोनशे बैठकाही काढतो. हृदय व फुप्फुसे तुलनेने लवकर तयार होतात. तीन आठवड्यांत दम पुरू लागतो. हाडे, कंडरा आणि कूर्चा यांना तेवढ्यासाठी महिने लागतात. दम पुरतो म्हणून मुलगा अंतर वाढवतो, आणि मागे राहिलेला गुडघा तक्रार करतो. म्हणजे गुडघ्यात काही ‘बिघडलेले’ असतेच असे नाही; त्याच्या आजच्या क्षमतेपेक्षा आजचा भार अधिक असतो.

येथे विनयपिटकाच्या महावग्गातील सोण कोळिविस याची कथा आठवल्यावाचून राहत नाही. चंपा नगरीच्या या धनाढ्य श्रेष्ठीपुत्राचे तळवे अतिशय कोमल होते. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने राजगृहाजवळ चंक्रमणाचा असा अट्टहास केला, की पाय फुटून वाट रक्ताने माखली; आणि एवढे करूनही मुक्ती लाभत नाही म्हणून तो घरी परतण्याच्या विचारात होता. तथागतांनी त्याला वीणेविषयी विचारले, कारण गृहस्थाश्रमात तो कुशल वीणावादक होता. तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजत नाही, हे त्याच्याच तोंडून वदवून घेऊन त्यांनी त्याला वीर्यातील समता समजावली. ही उपमा सर्वांना पाठ असते. कथेचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो : भगवंतांनी सोणाला एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुमती दिली, सोणाने ती एकट्यासाठी स्वीकारली नाही, आणि मग ती साऱ्या संघाला मिळाली. प्रयत्न सोडण्याचा उपदेश झाला नाही. प्रयत्नाचे माप बदलले आणि पायांची व्यवस्था लावली गेली. दुखऱ्या गुडघ्याच्या बाबतीत याहून वेगळे आम्हांला काही सांगायचे नाही.

माप बदलायचे ते कसे? दुखण्यास शून्य ते दहा असे गुण द्यावेत. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. धावताना दुखणे तीनपर्यंत राहत असेल, धावण्याची ढब बदलत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते आदल्या दिवसाइतकेच किंवा कमी असेल, तर सराव चालू ठेवण्यास हरकत नाही. तीनच्या वर गेले, लंगडणे आले किंवा दुसरी सकाळ अधिक वाईट उजाडली, तर अंतर निम्म्यावर आणावे. ‘दुसरी सकाळ’ ही कसोटी आम्हांला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण मैदानावरच्या चढाओढीत मुले दुखणे लपवतात; जिन्यावर एकटे असताना ते लपत नाही.

दुखणे जास्तच असेल तर धावणे काही दिवस थांबवून चालणे, सायकल किंवा पोहणे यांवर दम टिकवावा. अर्धा तास भरभर चालता येऊ लागले की एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे अशा दहा फेऱ्यांपासून पुन्हा आरंभ करावा, तोही एक दिवसाआड. मग धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवावीत. आधी अंतर, वेग त्यानंतर. एकाच आठवड्यात दोन्ही वाढवणे ही चूक आम्ही सर्वाधिक वेळा पाहिली आहे. आठवड्याला दहावा हिस्सा वाढवावा असा एक रूढ ठोकताळा आहे. त्याला अटळ नियम मानू नये, पण ज्या मुलाला कोणताच ठोकताळा ठाऊक नाही त्याला तो उपयोगी पडतो.

विश्रांतीने दुखणे शमते, परंतु क्षमता वाढत नाही. ती वाढते व्यायामाने. वाटीच्या दुखण्यावर मांडीचे आणि नितंबाचे स्नायू बळकट करणे हा आज सर्वांत भरवशाचा उपचार मानला जातो, आणि त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. पाठीवर निजून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा व सावकाश खाली आणावा. कुशीवर निजून वरचा पाय छताकडे उचलावा. याने नितंबाच्या बाजूचा स्नायू तयार होतो, आणि तो दुबळा असला म्हणजेच धावताना गुडघा आत वळतो. निजून दोन्ही गुडघे वाकवून कंबर वर उचलावी. भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे अर्धे बसावे, दुखणार नाही इतक्याच खोलीपर्यंत. व्हरांड्याच्या एका पायरीवर एका पायाने चढावे आणि तितक्याच संथपणे उतरावे. आरशासमोर किंवा मित्रासमोर हे केल्यास गुडघा आत पडतो का, ते दिसते. प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन आवर्तने, आठवड्यातून तीन दिवस. परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत काहीच झाले नाही म्हणून सोडून देणारेच फार. आणि हो, भरती झाल्यावरही हे व्यायाम सोडू नयेत. प्रशिक्षण केंद्रात धावणे कमी होत नाही, वाढते.

धावण्याच्या ढबीत एकच बदल आम्ही सुचवतो : पावले थोडी आखूड आणि थोडी जलद टाकावीत. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि धक्का गुडघ्यावर येतो. मिनिटाला पडणारी पावले मोजून ती शेकडा पाच ते दहाने वाढवली, तर तोच वेग राखूनही गुडघ्यावरील भार घटतो. मुलांना प्रथम हे हास्यास्पद वाटते. आठवडाभरात सवय होते.

बुटांविषयी थोडे. महागड्या बुटांनी गुडघे वाचतात असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्यासाठी पालकांनी कर्ज काढू नये. पायाला आरामदायक, टाच न झिजलेला, बोटांना जागा असणारा साधा बूट पुरेसा. थोरल्या भावाचा झिजलेला बूट दोन मोजे घालून वापरणे मात्र वाईट. अनवाणी धावल्याने गुडघ्यावरचा भार काहीसा कमी होतो हे खरे, पण तो पोटरी आणि टाचेवर जातो. सवय नसताना तसे करू नये. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच कडेने धावल्यास एका पायावर वेगळा ताण येतो. मैदानाच्या फेऱ्याही सतत एकाच दिशेने न घेता अधूनमधून उलट घ्याव्यात.

उपचारांच्या नावाखाली जे चालते त्यांतील काही गोष्टी स्पष्ट सांगणे भाग आहे. गुडघा नुकताच पिरगळून सुजला असेल, तर त्यावर गरम शेक आणि जोराची तेलमालीश करू नये. पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास दुखणे हलके होते. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेण्याची जी प्रथा भरतीच्या मुलांत पसरली आहे, ती घातक आहे. गोळी दुखणे झाकते, भार झाकत नाही. शिवाय उपाशीपोटी ती जठराला आणि घामाने पाणी घटलेल्या शरीरात मूत्रपिंडांना इजा करू शकते. ‘एका इंजेक्शनात बरे’ असे सांगणाऱ्याकडे तर जाऊच नये. कंडरेत दिलेले स्टिरॉईडचे इंजेक्शन तिला दुबळी करू शकते. गुडघ्याचा पट्टा थोड्या दिवसांच्या आधारासाठी ठीक. प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला एमआरआय लागत नाही. चांगला डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट हाताने तपासून बहुतेक गोष्टी सांगू शकतो.

पोटाकडेही पाहावे लागते. वसतिगृहातील मुले-मुली वाढलेल्या सरावाच्या मानाने पुरेसे खात नाहीत, असा आमचा अनुभव आहे. वजन घटवण्यासाठी जेवण तोडणाऱ्या मुलीची मासिक पाळी थांबली, तर ती सरावाची खूण समजू नये. तो हाडे दुबळी होत असल्याचा इशारा आहे, आणि अशा हाडांत बारीक तडे जातात.

काही लक्षणे मात्र अशी आहेत, की तेथे हा सारा लेख बाजूला ठेवून डॉक्टरकडेच जावे. कबड्डीत किंवा खो-खोत गुडघा वळला, ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली. गुडघा मध्येच अडकतो व सरळ होत नाही. चालताना अचानक दगा देतो. हाडावरील एकाच बिंदूवर दुखते आणि विश्रांतीतही थांबत नाही. गुडघा लाल, गरम होऊन सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वाढत्या वयाच्या मुलाला रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा गुडघ्याजवळची न ओसरणारी गाठ कधीही ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते : मुलांत खुब्याचा आजार पुष्कळदा गुडघ्यात दुखतो. मूल लंगडते आहे, गुडघ्यात दुखते म्हणते आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही, तर खुबा तपासण्यास आवर्जून सांगावे.

पालकांकडून हमखास येणारा प्रश्न राहिला : धावून धावून म्हातारपणी गुडघे झिजतील ना? अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के आढळले, तर न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत ते १०.२ टक्के होते. स्पर्धात्मक पातळीवर दीर्घकाळ धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. यावरून धावण्यानेच संरक्षण मिळते असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहिले असेही असू शकेल; पण बेताने धावणाऱ्याचे गुडघे त्यामुळेच झिजतात, या भीतीला आधार उरत नाही. जुनी गंभीर दुखापत आणि वाढलेले वजन यांची काळजी अधिक करावी.

ज्या मुलाचा उल्लेख आरंभी केला, त्याने पुढच्या भरतीआधी पाच महिने पायरीचे व्यायाम केले आणि धावणे एक दिवसाआड ठेवले. त्याची मैदानी चाचणी विनातक्रार पार पडली. लेखी परीक्षेत तो दोन गुणांनी मागे राहिला आणि सध्या पुन्हा तयारी करीत आहे. त्याच्यानंतर आम्ही विहारातील मागच्या रांगेत काही खुर्च्या आणि उंच पाट ठेवले. ज्याचा गुडघा दुखतो त्याने तेथे बसावे, आणि वंदना झाल्यावर केव्हापासून दुखते, कुठे दुखते, काल किती धावलास, एवढे तीन प्रश्न त्याला विचारले जातात.